माझी नवरी आणि तीनशे कुंड्या

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फाईल उघडली, दोनदा बंद केली. यात मुख्य गाढवपणा माझा आहे, आणि स्वतःच्या गाढवपणाबद्दल टाईप करायला बसलं की बोटांना अचानक दुसरी कामं आठवतात. आता बसलोच आहे तर सगळं सांगून टाकतो.

आमच्या शहरात थंडी सरली की फुलांचा उत्सव असतो, तीन दिवस. प्रत्येक घरानं एक कुंडी बाहेर ठेवायची, खिडकीत नाहीतर पायरीवर. कुंडीच्या एका बाजूला चित्र काढायचं. लोक आठ-आठ दिवस आधीपासून ब्रश घेऊन बसतात, घरात भांडणं होतात, माझ्या बहिणीनं एकदा मोर काढला तर वडील म्हणाले कोंबडी छान आलीय. आणि एवढं सगळं झाल्यावर चित्राची बाजू घराकडे वळवायची. रस्त्याकडे नुसती पाठ.

बाहेरून आलेली माणसं चक्रावतात. एवढी मेहनत केली आणि लपवली? मग घरातलं कुणीतरी म्हणतं, चित्र बघायचंय का, आत या. तीन दिवस अख्खं शहर एकमेकांच्या घरात घुसलेलं असतं. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांच्याही पलंगावर बसून आम्ही त्यांची कुंडी बघतो.

पण पाठ का? हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. आणि इथंच मी घाण केली.

मी एका छपाईच्या दुकानात काम करतो. पानं लावायची, मजकूर बसवायचा. कुठं शिकलो नाही, मालकाच्या पाठीमागे उभं राहून बघून बघून आलं. तीन वर्षांपूर्वी उत्सवाचं माहितीपत्रक आमच्याकडे आलं होतं. सगळं बसलं, पण मागच्या पानावर खाली चार बोटं जागा उरली. मालक जेवायला निघाले होते. म्हणाले, "काहीतरी टाक तिथं. उत्सवाचा उगम वगैरे."

"उगम कुणाला माहितीय?"

"मग कुणी चूक काढणार नाही," असं म्हणून ते गेले.

मी दहा मिनिटांत लिहिलं. फार वर्षांपूर्वी एक नवी नवरी या शहरात आली. सासरचे तिच्याशी बोलेनात. मग तिनं एक कुंडी रंगवली, खिडकीत ठेवली आणि चित्र घराकडे वळवलं, म्हणजे रस्त्यावरच्यांनी नाही तर घरच्यांनी आधी बघावं. सासू विरघळली. तेव्हापासून ही प्रथा. खरं सांगतो, लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. चार बोटं जागा बरोब्बर भरली.

दुसऱ्या वर्षी शाळेतल्या मुलींनी त्यावर नाच बसवला. नवरीच्या डोक्यावर घागर कुठून आली मला माहीत नाही, मी दिली नव्हती. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या पाहुण्यांना शहर दाखवणारा एक माणूस ती खिडकीसुद्धा दाखवायला लागला. आणि यंदा, उत्सवाचं साठावं वर्ष म्हणून, समितीच्या अध्यक्षबाई दुकानात आल्या. बाजारासमोरच्या लांब भिंतीवर नवरीचं चित्र काढायचं आणि खाली मोठ्या अक्षरात तिची कथा. अक्षरं आखून द्यायचं काम माझं.

मी ततपप करत म्हटलं, "बाई, ती कथा तशी... म्हणजे तिला पुरावा असा काही..."

"पुरावा कशाला हवाय," बाई म्हणाल्या. "ती आमच्याच घराण्यातली. माझी पणजी."

मी अक्षरांचं माप घेतलं.

संध्याकाळी खुरप्याकडे गेलो. खुरप्या माझा शाळेपासूनचा मित्र. पालिकेच्या रोपवाटिकेत कामाला आहे. मागच्या खिशात कायम खुरपं ठेवतो, बसताना विसरतो आणि मग उडी मारतो, म्हणून हे नाव. घरी तो, त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, आणि आजोबा. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, काटक, दात सगळे स्वतःचे, आणि तेही तरुणपणी याच रोपवाटिकेत पहारेकरी होते.

आणि या आजोबांची एक गंमत होती. गंमत नाही, दुखणंच होतं. उत्सवाचे तीन दिवस ते घराबाहेर पडत नसत. खिडकी बंद, पडदा ओढलेला, पायरीवर कुंडी नाही. अख्ख्या गल्लीत तेवढंच एक घर रिकामं. काकू शेजाऱ्यांना सांगायच्या, फुलांनी शिंका येतात त्यांना. खुरप्या मला म्हणायचा, "शिंका कसल्या, वर्षभर शेजारच्या मोगऱ्याला नाक लावून उभा असतो. मला फक्त एवढंच हवंय, एकदा तरी उत्सवात म्हातारा पायरीवर येऊन बसला पाहिजे. माझ्याबरोबर. बस."

त्या दिवशी मी चहा घेता घेता भिंतीचं सगळं सांगितलं. नवरी, पणजी, सगळं. खुरप्या हसून हसून आडवा झाला. काकू म्हणाल्या, "अरे मेल्या, तू लिहिलंस होय ते? मी वाचून रडले होते."

पलंगावरून आजोबा म्हणाले, "कुठली नवरी?"

"कुंडी वळवणारी, आजोबा."

"कुणी नवरी-बिवरी नव्हती. पहिली कुंडी वळवली ती पहिल्या गल्लीतल्या शिंपिणीनं. चांगली पन्नाशीची होती. तोंडानं फाटकी."

खुरप्यानं कप खाली ठेवला. "तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथं होतो," आजोबा म्हणाले, आणि काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत सगळं सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा, असं काकू नंतर म्हणाल्या.

तेव्हा शहरात नवा पूल झाला होता. उद्घाटनाला मोठा पाहुणा येणार होता, म्हणून रोपवाटिकेत पिटुनियाच्या फुलांच्या तीनशे कुंड्या तयार केल्या होत्या. रोपवाटिकेचे साहेब मोठे कडक. बी त्यांनी स्वतः पेरलं होतं, एकेक रोप स्वतः लावलं होतं. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगात कार्यालयाचा क्रमांक. फुलं ऐन भरात आली आणि पाहुण्याचं येणं रद्द झालं. वरून हुकूम आला, रोपं खड्ड्यात टाका, कुंड्या धुऊन कोठारात ठेवा.

"साहेब दिवसभर बोलले नाहीत," आजोबा म्हणाले. "संध्याकाळी कागदावर सही केली आणि घरी गेले. खड्डा मी खणायचा होता. सकाळी कुदळ घेऊन उभा राहिलो आणि ती सगळी फुलं माझ्याकडे तोंड करून. बावीस वर्षांचा होतो. झालं नाही माझ्याच्यानं. गेटचं कुलूप काढलं, समोरच्या गल्लीत गेलो, शिंपिणीला म्हटलं, मी तासभर चहाला चाललोय, मला काही दिसत नाही. परत आलो तर अख्खी रोपवाटिका साफ. माती झाडून गेल्या होत्या बाया."

"चोर," खुरप्या कौतुकानं म्हणाला.

"दहाला साहेब आले. मला विचारलं, गेटला कुलूप होतं का? मी म्हटलं, होतं साहेब. ज्या माणसानं मला हाताला धरून कलम बांधायला शिकवलं, त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्यांनी लिहून घेतलं. मग गल्ल्या तपासायला एकटेच निघाले. शिंपिणीनं त्यांना लांबून बघितलं, आपली कुंडी फिरवली, क्रमांक भिंतीकडे. शेजारणीला ओरडली, कुंडी फिरवा. ती तिच्या शेजारणीला. साहेबांच्या पुढं पुढं कुंड्या फिरत गेल्या. सातही गल्ल्या फुलांनी भरलेल्या आणि क्रमांक एकाही कुंडीवर दिसेना. पुढच्या वर्षी बायांनी गंमत म्हणून पुन्हा तशाच ठेवल्या. क्रमांकाच्या जागी चित्रं आली. झाला उत्सव."

"मग यात दडून बसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली. लांब, कुठल्यातरी आडगावी. तीनशे कुंड्या गेल्याचा ठपका. माझ्यामुळं. लोक नाचतात, मला साहेबांची सामानाची गाडी दिसते." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "जा आता. दिवा घालवू नका, मी झोपत नाहीये."

खोलीच्या कोपऱ्यात त्यांची छत्री आणि जादाची काठी एका जुन्या कुंडीत उभी असते. मी ती शंभरदा बघितली असेल. त्या दिवशी जाताना पहिल्यांदा लक्षात आलं की तिच्या भिंतीकडच्या बाजूला पांढरं काहीतरी आहे. मी हात लावला नाही.

बाहेर पडल्यावर खुरप्या म्हणाला, "आमच्या कार्यालयाचा माळा उद्या रिकामा करायचाय. जुने सगळे गठ्ठे तिथंच आहेत."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना पोट बिघडलं असं सांगितलं. म्हणजे पुन्हा खोटं, पण हे शेवटचं. माळ्यावर उकाडा, धूळ, गांडूळखताचा वास. खुरप्या गठ्ठे खाली द्यायचा, मी दोरी सोडायचो. बियाणांच्या याद्या, रजेचे अर्ज, एका माळीबुवानं दुसऱ्याची तक्रार केलेली सहा पानं, की हा माझ्या झारीनं पाणी घालतो. दुपारपर्यंत आम्ही दोघं विटकरी रंगाचे झालो होतो. शेवटी पुलाच्या वर्षाचा गठ्ठा सापडला. वरचं पान उंदरानं खाल्लेलं, आतलं शाबूत.

साहेबांचा तपासणीचा अहवाल एका पानाचा होता. बारीक, उभं अक्षर. मी जसाच्या तसा उतरवून घेतला:

"आज रोजी गल्ली क्रमांक एक ते सात येथे समक्ष जाऊन पाहणी केली. पिटुनियाची सुमारे तीनशे रोपे आढळून आली. रोपे निरोगी आहेत. एकाही कुंडीवर कार्यालयाचा क्रमांक दिसून आला नाही. लोकांची कुंडी हलवून पाहण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. पहारेकऱ्याने गेटला कुलूप असल्याचे सांगितले व ते मला पटले. सबब तपास बंद करण्यात येत आहे."

आणि खाली, समासात, पेन्सिलीनं: "पाणी एक दिवसाआड पुरे, असे गल्लीत सांगून आलो."

खुरप्या शिडीवर होता. मी मोठ्यानं वाचलं. तो हळूच शिडीच्या पायरीवर बसला आणि लगेच उठला, खुरपं.

"माहीत होतं त्यांना," तो म्हणाला.

"स्वतः पेरलेली रोपं ओळखणार नाहीत होय."

त्याच गठ्ठ्यात आणखी एक कागद होता. साहेबांचा बदलीचा अर्ज. बायकोची आई आजारी आहे, तिच्या गावाजवळ बदली मिळावी, ही विनंती तिसऱ्यांदा करत आहे. तारीख बघितली. पुलाच्या उद्घाटनाच्या चार महिने आधीची. म्हणजे ठपका नाही, शिक्षा नाही. माणसाला जायचंच होतं.

साठ वर्षं. आणि कागद रोपवाटिकेच्या माळ्यावर, घरापासून दहा मिनिटांवर.

दोन्ही कागद घेऊन आम्ही तसेच धुळीनं माखलेले खुरप्याच्या घरी गेलो. काकूंनी दारातच अडवलं, पाय धुवा म्हणाल्या, आणि आमची तोंडं बघून बाजूला झाल्या. आजोबांना बारीक दिसत नाही म्हणून खुरप्यानं वाचलं. "व ते मला पटले" इथं त्याचा आवाज गेला, मग मी पुढचं वाचलं. आजोबा म्हणाले, "पुन्हा." तीनदा वाचून घेतलं. मग बदलीचा अर्ज वाचला. मग तारीख. तारीख त्यांनी स्वतः बोट ठेवून बघितली, कागद डोळ्यांना चिकटवून.

"एक दिवसाआड," शेवटी ते म्हणाले. "बरोबर आहे. पिटुनियाला पाणी जास्त झालं की मुळं कुजतात." आणि नाक पुसलं. "साहेब भलताच बेरकी निघाला."

"मग यंदा बसणार ना पायरीवर?" खुरप्यानं विचारलं.

"बघू," आजोबा म्हणाले. खुरप्या मला खुणेनं म्हणाला, गप्प बस, आता रेटायचं नाही.

राहिली अध्यक्षबाईंची गोष्ट. ती भानगड माझीच होती, त्यामुळं मीच गेलो. अहवालाची नक्कल त्यांच्यासमोर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं की नवरी मी जेवणाच्या सुट्टीत जन्माला घातली.

बाईंनी अहवाल वाचला. चष्मा काढला. "मग आमची पणजी?"

"पणजी खरीच असेल बाई. पण कुंडी तिची नाही."

"मी भाषणात सांगितलंय. दोनदा."

"मी छापलंय. तीन हजार प्रती."

त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "माझी पणजी शिवणकाम करायची," डोळे पुसत म्हणाल्या. "पहिल्या गल्लीत. पण नवरी म्हणजे फारच झालं तिला. नाकासमोर चालणाऱ्याचीही खोड काढायची म्हणे." शिंपिणीबद्दल मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं, शपथ. ती त्यांचीच पणजी होती का, मला माहीत नाही. आता मी असल्या ठिकाणी माझं डोकं लावत नाही.

भिंतीवर नवरी आली नाही. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, माझं काही नको, साहेबांचं लिहा. म्हणून बाजारासमोर, हातभर उंच अक्षरात, एवढंच: "लोकांची कुंडी हलवून पाहण्याचा अधिकार या कार्यालयास नाही." अक्षरं मी आखली. दोन दिवस लागले. येणारे जाणारे थांबून विचारायचे, ही काय सूचना आहे का. मी म्हणायचो, हो.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी खुरप्याच्या गल्लीत पोचलो तेव्हा आठ वाजले होते. सगळ्या पायऱ्यांवर कुंड्या, सगळ्यांची पाठ रस्त्याकडे. खुरप्या दारात उभा. खिडकी बंदच होती. त्यानं मान हलवली, नाही. आम्ही दोघं पायरीवर बसलो. तो खुरपं काढून बसला, आठवणीनं, यावरून समजा त्याची अवस्था.

मग आतून काठीचा आवाज आला. आणि घासल्याचा आवाज. काकू म्हणत होत्या, मी धरते, आजोबा म्हणत होते, सोड. दार पूर्ण उघडलं आणि आजोबा आले, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले, छातीशी धरलेली ती छत्रीची कुंडी. त्यात पिटुनियाचं रोप, जांभळं, कालच लावलेलं, माती अजून ओली. ते खुरप्यानं दिलं नव्हतं. म्हातारा गुपचूप कुठून घेऊन आला होता देव जाणे.

त्यांनी कुंडी पायरीवर ठेवली. थोडी मागे, थोडी डावीकडे. मग सावकाश फिरवली. क्रमांक रस्त्याकडे. पांढरा रंग अर्धा उडालेला, पण वाचता येत होता, दोनशे चौदा.

समोरच्या वहिनी ओरडून म्हणाल्या, "आजोबा, उलटी ठेवलीत."

"नाही," आजोबा म्हणाले. "माझी सुलटी आहे. तपास बंद झालाय."

आणि बसले. खुरप्याच्या शेजारी, पायरीवर. दिवसभर. लोक आले, चित्र कुठंय विचारू लागले, आजोबा क्रमांकावर काठी टेकवून पुन्हा पुन्हा सगळं सांगत होते. दुपारपर्यंत त्यांच्या गोष्टीत साहेबांना जरा जास्तच मिशा आल्या होत्या.

उन्हं कलल्यावर आजोबा भिंतीला टेकून पेंगले. खुरप्या हळू आवाजात म्हणाला, "हे तू लिहून काढ."

"पत्रकात?"

"पत्रकात नको. असंच, सगळं. उद्या म्हातारा नसेल, मग कुणीतरी तुझ्यासारखा शहाणा चार बोटं जागा भरायला बसेल." त्यानं खुरपं माझ्यासमोर धरलं. "हात ठेव. झालं तेवढंच लिहायचं. नवरी नाही, घागर नाही, कुणाला रडवायचं नाही."

"तुझा आवाज गेला होता ते लिहू?"

त्यानं जरा विचार केला. "ते झालं होतं," म्हणाला.

मी खुरप्यावर हात ठेवला. म्हटलं, "झालं तेवढंच लिहीन. एक पाकळीसुद्धा जास्त नाही."